प्रतिसाद: खडी-वाळू धुण्याचे पाणी आणि त्यातली घट

खडी-वाळू धुताना पंपाचे तास गुणिले त्याची ताशी क्षमता म्हणजे पाणीवापर, असा हिशेब मूळ चर्चेत मांडला आहे; तो अपुरा वाटतो. कारण निवळण टाकीतले (जिथे गाळ तळाशी बसतो) तेच पाणी पुन्हा फिरते आणि खरा खर्च म्हणजे बाहेरून घालावी लागणारी भर. कोल्हापूर परिसरात क्रशरवर (दगड फोडण्याच्या यंत्रावर) काळ्या दगडाची वाळू धुतात, तिथे बरेच पाणी मालाबरोबर ट्रकमधून ठिबकत जाते. ही घट मोजायला धुतलेल्या वाळूचा ओला नमुना तोलावा, तव्यावर कोरडा करून पुन्हा तोलावा. कोरड्या वजनावर ८ टक्के ओल निघाली, तर १०० टन कोरड्या मालामागे ८,००० लिटर गेले. बाष्पीभवनाचे गणित सोपे: टाकीच्या पृष्ठभागावर १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे १ लिटर. पाझर मात्र पंप बंद असताना रात्रीत टाकीची पातळी किती उतरली, यावरूनच कळतो, आणि तो आपल्याकडच्या जुलैत मोजण्यात अर्थ नाही.