निकाहला नकार द्यायचा आहे, अम्मी-अब्बांची जबाबदारी मात्र सोडायची नाही

खाडीकाठ (प्रश्न):
सलाम, नमस्कार. कामापुरतं लिहितो. वय ३२, रत्नागिरी जिल्ह्यातलं कोकणी मुसलमान घर, एकुलता मुलगा, दोन बहिणी. आपाचं लग्न झालंय, धाकटीसाठी रिश्ते बघणं चालू आहे. अब्बा ६८ वर्षांचे, अम्मी ६१ची, तिला शुगर आहे. माझी नोकरी नवी मुंबईत. मी समलिंगी आहे. घरात कुणालाच माहीत नाही आणि इतक्यात सांगायचंही नाही. जोडीदार मराठी हिंदू आहे. आम्ही भाड्याच्या घरात एकत्र राहतो, घरच्यांसाठी तो रूममेट.

अम्मीचं म्हणणं एकच, डोळ्यांदेखत सून यावी. मामूंनी बायोडेटा पाठवायला सुरुवात केली आहे. स्वतःबद्दल काही न सांगता निकाहला कायमचा नकार कसा द्यायचा? आई-वडिलांचं करायला मी कमी पडलो असं त्यांना कधी वाटू नये. आणि उद्या मला काही झालं तर जोडीदार रस्त्यावर येऊ नये, त्यासाठी आत्ताच काय करून ठेवावं? "लग्न कर, होईल सगळं नीट" हा सल्ला कृपया नको.

दर्सगाह:
खाडीकाठ भाई, तुमच्या घरात दोन जबाबदाऱ्या एकत्र बांधल्या गेल्या आहेत, त्या आधी सोडवा. आई-वडिलांची खिदमत (सेवा) तुमच्यावर फर्ज (सक्तीचं धार्मिक कर्तव्य) आहे. सूरह बनी इस्राईलच्या २३व्या आयतीत त्यांच्यासमोर "उफ"सुद्धा काढू नका असं आहे, त्यात पळवाट नाही. निकाहचं तसं नाही. "निकाह म्हणजे अर्धा दीन" असं घरोघरी ऐकू येतं, पण फिक्हच्या (इस्लामी कायद्याच्या) किताबांत त्याचा हुकूम माणसागणिक बदलतो. एखाद्यासाठी वाजिब (आवश्यक), एखाद्यासाठी सुन्नत (केलेला चांगला) आणि एखाद्यासाठी मकरूह (टाळावा असा). बायकोचे हक्क आपल्याकडून पुरे होणार नाहीत याची ज्याला खात्री आहे, त्याच्यासाठी हनफी उलेमांनी (धर्मपंडितांनी) निकाह हराम म्हटला आहे. कोकणातली बहुतेक जमात शाफई, आणि शाफई मसलकातही (हनफी, शाफई हे फिक्हच्या चार सुन्नी परंपरांपैकी दोन) ज्याला ओढ नाही आणि ऐपत नाही त्याच्यासाठी निकाह मकरूह मानला आहे. त्याच मसलकातल्या सर्वांत मोठ्या आलिमांपैकी एक, इमाम नववी, इ.स. १२७७ मध्ये वारले. उभ्या आयुष्यात त्यांनी निकाह केला नाही. मामू दीनदार असतील तर हे नाव त्यांना नक्की ठाऊक असेल.

आता बोलायचं कसं. "सध्या नको", "प्रमोशन होऊ दे", "धाकटीचं झालं की बघू" यातलं काहीही म्हणू नका. घरच्यांच्या कानांवर ते "पुढच्या वर्षी हो" असंच पडतं, आणि मुदत संपली की तुम्ही वचन मोडल्यासारखं होतं. धाकटीचं कारण तर अजिबात देऊ नका. तिचा निकाह ठरला त्या आठवड्यात तुमचं कारण संपतं, आणि ठरायला उशीर झाला तर "भावामुळे अडलं" हा बोल तिच्यावर येतो.

आजाराचं खोटं कारणही नको. "माझ्यात दोष आहे" म्हटलं की हकीम, तावीज, डॉक्टर सगळे रांगेत उभे राहतात, मोहल्ल्यात कुजबुज सुरू होते, आणि धाकटीला बघायला येणारे "घरात काही आहे का" असं विचारू लागतात.

एकच वाक्य ठरवा आणि तेच बोला: "मी निकाह करणार नाही. कुणा मुलीचा हक्क माझ्याकडून पुरा होणार नाही, तिचं नुकसान करून मला अल्लाहला जाब द्यायचा नाही. तुमची जबाबदारी मरेपर्यंत माझी." कारण विचारलं तर हेच पुन्हा. नवं कारण दिलंत की त्यावर नवा उपाय येतो.

पहिल्यांदा आपाशी बोला, मग अम्मीशी एकटीशी, अब्बांना तिच्याकडून कळू द्या. ईदला किंवा घरात पाहुणे असताना हा विषय काढू नका, चार जणांसमोर अम्मीला माघार घेता येत नाही. मुलगी बघायला "नुसतं चहाला" म्हणूनही जायचं नाही. गेलात आणि नंतर नकार दिलात, तर त्या मुलीच्या घरी उगाच डाग.

आणखी एक. समलिंगी संबंधांबद्दल चारही मसलकांचं परंपरेने चालत आलेलं मत मनाईचंच आहे. वेगळा अर्थ लावणारे अभ्यासक आहेत. दक्षिण आफ्रिकेतले इमाम मुहसिन हेंड्रिक्स त्यांतले, फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. हा वाद गावच्या मशिदीत मांडून तुमच्या हाती काही लागणार नाही. निकाह न करण्यासाठी तुम्हाला त्या वादाची गरजच पडत नाही.

दस्तऐवज:
कागदांचं मी सांगतो. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमचा जोडीदार परका. जे करायचं ते कागदाने.

आधी वारसा समजून घ्या. आज तुम्ही गेलात तर अम्मीला एक षष्ठांश आणि बाकी सगळं अब्बांना. भावंडं दोन किंवा जास्त असली की आईचा हिस्सा एक तृतीयांशावरून एक षष्ठांशावर येतो, अब्बा हयात असल्यामुळे बहिणींना काहीच मिळत नसलं तरीही. अब्बा आधी गेले तर गणित बदलतं: अम्मीला एक षष्ठांश, दोन्ही बहिणींना मिळून दोन तृतीयांश, आणि उरलेला एक षष्ठांश चुलत्याकडे, चुलता नसेल तर चुलत भावांकडे. जोडीदाराला दोन्ही वेळी शून्य.

इथे वसियत (मृत्युपत्र) कामी येते. दफनाचा खर्च आणि कर्ज वजा जाता जे उरेल, त्याच्या एक तृतीयांशापर्यंत तुम्ही वारस नसलेल्या कुणालाही देऊ शकता. वारसांची संमती लागत नाही, घेणारा मुसलमान असण्याचीही गरज नाही. एक तृतीयांशाच्या वर दिलंत तर तेवढा भाग वारसांच्या संमतीवर लटकतो. मुसलमानाची वसियत तोंडीही चालते, पण ती सिद्ध करताना जोडीदाराची दमछाक होईल. लेखी करा, दोन साक्षीदार घ्या (त्यांतला एकही लाभार्थी नको) आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मुद्रांक शुल्क लागत नाही. नात्याच्या जागी "मित्र" एवढं पुरतं, कारण लिहायची गरज नाही. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता मात्र चुकू देऊ नका.

एक तृतीयांशापेक्षा जास्त द्यायचं असेल तर हिबा, म्हणजे हयातीत दिलेली देणगी. देतो म्हणणं, घेतो म्हणणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी लागतात. बहुतेक हिबा ताब्यावर मोडतात: कागद झाला, पण वस्तू देणाऱ्याच्याच हातात राहिली. शेवटच्या आजारपणात केलेला हिबाही एक तृतीयांशातच मोजला जातो, तेव्हा धडधाकट असताना करा. आयकराचंही बघा. जोडीदार "नातेवाईक" ठरत नाही, त्यामुळे वर्षात त्याला मिळालेल्या अशा देणग्या ५०,००० रुपयांवर गेल्या की सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते.

नॉमिनी म्हणजे मालक असं लोक धरून चालतात आणि तिथेच फसतात. बँकेत नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण वारस त्यावर हक्क सांगू शकतात. गृहनिर्माण संस्थेत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. विम्यात तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी, मुलं हे नॉमिनी असले तर रक्कम त्यांचीच होते, मित्राला तो आधार नाही. म्हणून जिथे जिथे जोडीदार नॉमिनी, ते प्रत्येक खातं वसियतीतही लिहा आणि बेरीज एक तृतीयांशात बसवा. पीएफमध्ये त्याचं नाव घालू नका. अवलंबून असलेले आई-वडील तिथे "कुटुंब" धरले जातात, आणि कुटुंब असताना बाहेरच्याचं नामांकन बाद होतं. तो पैसा अम्मी-अब्बांचा राहू द्या, बाकीचं त्याच्यासाठी मोकळं ठेवा. संयुक्त बँक खात्याला अडचण नाही, तसा खुलासा अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केला आहे.

खाडीकाठ:
दोघांचेही आभार. चुलत्याच्या हिश्श्याची कल्पनाच नव्हती. एक विचारायचं राहिलं. एका ओळखीतून सुचवलंय की समलिंगी मुलगी बघून, दोघांनाही सगळं माहीत असताना, नावापुरता निकाह करावा. दोन्ही घरं शांत. यात धोका काय?

दस्तऐवज:
कागदावर तो पूर्ण निकाह असतो, नावापुरता असं काही नसतं. मूल नसेल तर तुमच्या मालमत्तेत तिला एक चतुर्थांश, तिच्या मालमत्तेत तुम्हाला अर्धा. मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) देणं बंधनकारक. वेगळं व्हायचं तर परस्परसंमतीचा मुबारात हा सरळ मार्ग. एका दमात तीन तलाक २०१९ पासून बेकायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे सगळं तिनेही स्वतःच्या वकिलाकडून समजून घ्यायला हवं, तुमच्या वकिलाकडून नव्हे.

ओसरी:
कायद्यापेक्षा घरातला प्रश्न मोठा आहे. अशा निकाहात पहिल्या वर्षीच "खुशखबर कधी" सुरू होतं, दुसऱ्या वर्षी डॉक्टर. सासू महिनाभर राहायला येते. बोल मुलीलाच बसतात. आणि तुमची अम्मी उद्या अंथरुणाला खिळली तर तिचं करायला सुनेनेच गावी यावं अशी अपेक्षा असणार, तिच्या जोडीदारिणीचं काय? ज्या मुलीला काहीच सांगितलेलं नाही तिच्याशी लग्न हा उघड अन्याय आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने तीन वर्षं वैवाहिक कर्तव्य न पाळल्याचं कारण देऊन तिला कोर्टातून फारकत मिळते खरी, पण बऱ्याच घरांत तिला खुला (बायकोने मागून घेतलेला तलाक) घ्यायला लावतात, आणि नवऱ्याच्या खोटेपणापायी तीच मेहर सोडून बसते. सगळं सांगून केलेल्या निकाहातही जास्त झीज बाईचीच होते. माझं मत स्पष्ट आहे, करू नका.

त्यापेक्षा अम्मीच्या आग्रहामागे काय आहे ते बघा. बहुतेक आयांना दोन भीती असतात: आपल्यामागे याचं कोण करणार, आणि म्हातारपणी आपलं कोण करणार. दुसरीवर आजच काम सुरू करा. दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम, मागायची वेळ न येऊ देता. दोघांचा आरोग्य विमा आत्ताच काढा, शुगर अर्जात लपवू नका, लपवलेल्या आजारावर दावा फेटाळतात. सत्तरी पूर्ण झाली की अब्बांचं आयुष्मान कार्ड निघेल, ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. अम्मीची शुगर, डोळे, पाय यांच्या तपासण्यांची वही तुमच्याकडे ठेवा आणि तारखेला स्वतः घेऊन जा. दोन-तीन वर्षं हे चुकलं नाही, तर "सून आल्याशिवाय आमचं कसं" या वाक्याचा जोर आपोआप कमी होतो. पहिली भीती शब्दांनी जात नाही. रूममेट चार-दोन वेळा घरी येऊन जेवला, अब्बांच्या ऑपरेशनला दवाखान्यात थांबला, एवढ्याने ती बरीच निवळते, नातं उघड न करताही.

जोडीदाराचंही ऐका. पूर्ण लपलेल्या नात्यात ईद-दिवाळी, आजारपण, सुट्ट्या सगळं एकाच घराच्या सोयीने चालतं आणि भार एकाच बाजूला पडत जातो. कोणते चार दिवस त्याचे, फोनवर घरचे असताना त्याने काय करायचं, गावाहून कुणी अचानक आलं तर कोणती खोली कुणाची, हे आधी बोलून ठेवा. "कधीतरी सांगेन" असं त्याला म्हणू नका. सांगणार नसाल तर तेही स्पष्ट सांगा, म्हणजे त्याला त्याचा निर्णय घेता येईल.

सुरक्षिततेचं थोडक्यात. अ‍ॅपवरून ओळख काढून "घरी सांगतो, पोलिसात देतो" म्हणत पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. एक रुपयाही देऊ नका, पहिल्या रकमेनंतर मागणी वाढतच जाते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. भारतीय न्याय संहितेत खंडणी कलम ३०८ खाली येते. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३७७ त्या संहितेत आलेलंच नाही, तेव्हा त्यांच्या पोलिसाच्या धमकीत दम नाही.

कुणी "इलाज" करणाऱ्या डॉक्टरकडे नेलं तर जाऊ नका. असा उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवला आहे. मन फार जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. समोरासमोर बोलायचं तर मुंबईत समलिंगींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट.

आणि घरातल्या एका माणसाला, तुमच्या बाबतीत आपाला, जोडीदाराचं पूर्ण नाव आणि नंबर द्या. "मला काही झालं तर सगळ्यात आधी याला फोन कर" एवढंच सांगा, पुढचं ती विचारेल तेव्हा बघा. आपल्याकडे दफन त्याच दिवशी होतं. कुणी कळवलं नाही तर त्याला दोन दिवसांनी कळेल.

दस्तऐवज:
ओसरी यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार दोघांच्या नावाने करा. करार फक्त तुमच्या नावावर असेल, तर तुमच्यामागे घरमालक त्याला सामान उचलायला सांगू शकतो आणि अनामत रक्कम तुमच्या वारसांना देतो. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे. पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबू नका, मालक तयार असेल तर नवा करार आजही करता येतो. फ्रिज, मशीन वगैरे ज्याने घेतलं त्याच्या नावाचं बिल त्याच्याच फाइलला लावून ठेवा.