मदत हवी आहे: रोबोट दांडीवर चढत नाही, कोणती मोटर घेऊ? (शनिवारी सामना आहे)

गिअरवेडा
आमचा एफटीसीचा (फर्स्ट टेक चॅलेंज, शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा) रोबोट, त्यातल्या 'इन्टू द डीप' या खेळासाठीचा. दांडीला हुक नीट अडकतो, रोबोट दोन बोटं वर उचलला जातो आणि तिथेच अडतो. मोटर नुसती गुणगुणते, हात लावला तर चटका बसतो. काल दोनदा हबच (रोबोट चालवणारा कंट्रोलर) रीस्टार्ट झाला. कोणती मोटर आणि किती गिअर रेशो ते सांगा, प्लीज लवकर. सर गावाला गेलेत.

लेथवाला_भोसरी
रोबोटचं वजन किती? दोरी गुंडाळतोस की रॅक-पिनियन आहे? दोरी गुंडाळायच्या ड्रमचा व्यास? मोटर किती आणि कुठल्या?

सॅनहोजेची_आई
आमच्या लेकीच्या टीमने क्रॅकन एक्स-60 लावली होती, रोबोट झपकन वर! तीच घ्या. स्टॉल टॉर्क (मोटर अडून थांबते तेव्हाचा पीळ) 7 न्यूटन-मीटरच्या वर आहे.

लेथवाला_भोसरी
ताई, ती एफआरसीची, म्हणजे मोठ्या रोबोटच्या स्पर्धेची मोटर. याची स्पर्धा एफटीसी आहे, तिथे ठरावीक यादीतल्याच मोटर चालतात.

जुना_रोबोकॉनी
वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर, उलटा सहसा फिरत नाही) लाव, मोकळा हो. 2014 साली आबू रोबोकॉन ही कॉलेजांची रोबोट स्पर्धा पुण्यातच झाली, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून गाडीच्या वायपरची मोटर आणायचो. आत वर्म असतो, वीज गेली तरी जागची हलत नाही. रविवारी सकाळी लवकर गेलं की चांगला माल मिळायचा.

गिअरवेडा
काका, वायपरची मोटर यादीत नाही. वजन 14 किलो. दोरी आहे. दोन्ही बाजूंना एकेक मोटर, गोबिल्डा कंपनीची 312 आरपीएम (मिनिटाला फेरे). ड्रम 5 सेंमीचा. पण मी फक्त मोटर कोणती घेऊ एवढंच विचारलंय.

पहिलीच_वेळ
माझा मुलगा सहावीत आहे. त्याला सुरुवातीला कोणतं किट घ्यावं?

पीआयडी_प्रेमी
117 आरपीएमची घे. स्टॉल टॉर्क 68.4 किलो-सेंमी, तुझ्या आताच्या मोटरचा 24.3. प्रश्न मिटला.

लेथवाला_भोसरी
आणि ती अमेरिकेतून शनिवारपर्यंत पोचणार कशी? बाळा, मोटर घेऊच नकोस. बघ: एका बाजूला 7 किलो, ड्रमची त्रिज्या 2.5 सेंमी, म्हणजे 17.5 किलो-सेंमी. मोटर जिथे थांबते तो आकडा 24.3. सत्तर टक्क्यांच्या वर भार झाला, त्यात स्लाइडचं घर्षण. अडणारच. थांबलेली मोटर 9.2 अँपिअर ओढते, दोन्ही मिळून 18 च्या वर. बॅटरीचा व्होल्टेज पडतो, हब रीस्टार्ट होतो.
ड्रम 25 मिमीचा कर. भार निम्मा, 8.75. मोटर साधारण 200 आरपीएमने फिरेल. रोबोट किती उचलायचाय?

गिअरवेडा
45 सेंमी.

लेथवाला_भोसरी
मग साधारण 2 सेकंद. दोरी 3 मिमीची असेल तर सहा वेढे, म्हणून खोबण 20 मिमी रुंद ठेव. वेढ्यावर वेढा चढला की त्रिज्या वाढते आणि भार परत डोक्यावर बसतो. नायलॉनचा रॉड घेऊन ये, मी लेथवर काढून देतो.

पीआयडी_प्रेमी
बारीक ड्रमवर दोरी झिजते. रेशो बदलणं हाच खरा उपाय.

लेथवाला_भोसरी
डायनिमाची (फार मजबूत धाग्याची) दोरी असेल तर एका सामन्यात काही होत नाही. आणि ड्रम लहान करणं म्हणजे रेशोच बदलणं, फक्त गिअर न घेता.

गिअरवेडा
डायनिमाच आहे. एक सांगायचं राहिलं, थोडा वर गेला तरी सामना संपल्याचा बझर वाजून मोटरची वीज बंद झाली की खाली घसरतो.

जुना_रोबोकॉनी
हेच तर मी म्हणत होतो! वर्म गिअर!!

लेथवाला_भोसरी
हे आधी सांगायचंस ना. वर्ममध्ये निम्मी ताकद घर्षणातच जाऊ शकते, या मोटरला ते झेपणार नाही. शाफ्टवर रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारं दातेरी चाक) बसव आणि त्याला अडवणाऱ्या खटक्याला छोटी स्प्रिंग. उतरवताना खटका हाताने सोडायचा.

गिअरवेडा
ड्रम मिळाले, काका, खूप खूप धन्यवाद!! रोबोट पूर्ण वर गेला, मोटर कोमटसुद्धा झाली नाही. रॅचेट उद्या. पण डावी बाजू आधी वर जाते, उजवी मागे राहते आणि हुक तिरका होतो. उजवीकडे जास्त ताकदीची मोटर लावू का?

लेथवाला_भोसरी
मोटरला हात लावू नकोस. दोन्ही दोऱ्या सोडव आणि शेजारी शेजारी ठेवून मोज.