मदत हवी आहे: फॉर्म पूर्ण जातो, पण पीएचपीमध्ये शेवटच्या मुलांचे गुण पोचत नाहीत

खडूफळा:
नमस्कार मंडळी. शाळेसाठी गुणनोंदणीचं एक पान केलंय. साधं एचटीएमएल आणि सर्व्हरवर चालणारी पीएचपी 8, फ्रेमवर्क वगैरे काही नाही. वर्गशिक्षक अख्ख्या तुकडीचे गुण एकाच पानावर भरतात: दर मुलाची एक ओळ, 6 विषय, प्रत्येकाला आकारिक, तोंडी, लेखी असे 3 रकाने. मेथड पोस्ट. सगळ्यात वर वर्ग आणि तुकडी ही 2 हिडन (पानावर न दिसणारी) फील्ड, तळाला 'जतन करा'चं बटण.

'ब' तुकडीत 52 मुलं, तिथे सगळं सुरळीत. 'अ'मध्ये 60 मुलं आहेत आणि 56व्या मुलापाशी गाडी अडते. त्याचे मराठी-हिंदीचे सगळे गुण येतात, इंग्रजीचे आकारिक आणि तोंडी येतात, लेखीपासून पुढे कोरं. 57 ते 60 तर गायबच. एरर काही नाही, उलट 'गुण जतन झाले' असा हिरवा संदेश झळकतो!

ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं, साठही मुलांचा डेटा जातोय. पण स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत डॉलर-पोस्ट (पीएचपी आलेली फील्ड ज्यात ठेवते तो अॅरे) प्रिंट केला तर तो 56 वर संपतो. पोस्ट-मॅक्स-साइझ, म्हणजे डेटाच्या आकाराची मर्यादा, 8 एमबीची 32 केली, फरक शून्य. सोमवारी निकालपत्रकं छापायची आहेत. कुणाला काही सुचतंय का?

अर्धविराम:
तुमच्याच आकड्यांची बेरीज करा. 55 मुलं गुणिले 18 म्हणजे 990, 56व्याचे 8, वरची 2 हिडन. बरोब्बर 1000.

ही पीएचपीच्या मॅक्स-इनपुट-व्हार्स या सेटिंगची मर्यादा. डिफॉल्ट 1000. डेटा किती एमबीचा आहे याच्याशी तिचा संबंध नाही, फील्ड किती आहेत ते ती मोजते. 1000 झाली की पुढची सोडून देते आणि एरर लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकते. लॉग उघडून बघा, असेल तिथे. 2011च्या डिसेंबरात हॅश टकरींच्या हल्ल्याचा (मुद्दाम निवडलेली ढीगभर फील्ड पाठवून सर्व्हर दमवायचा) गवगवा झाला, त्यानंतर पीएचपी 5.3.9 मध्ये ही मर्यादा आली. तुमचं बटणही कापलं जातंय बरं का. 'बटण आलं का' अशी तपासणी असती तर काहीच जतन झालं नसतं.

खडूफळा:
लॉगमध्ये ती ओळ सापडली, धन्यवाद! पण स्क्रिप्टमध्ये आयएनआय-सेट (सेटिंग बदलणारं फंक्शन) वापरून 3000 केलं तरी तेच. एचटीअॅक्सेसमध्ये (फोल्डरसाठीच्या वेब सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये) पीएचपी-व्हॅल्यूची ओळ टाकली तर थेट 500 एरर.

अर्धविराम:
आयएनआय-सेट चालणारच नाही. तुमची पहिली ओळ चालायच्या आतच पीएचपीने पोस्ट वाचून डॉलर-पोस्ट भरलेला असतो. आणि 500 येतोय म्हणजे होस्टिंगवर बहुतेक एफपीएम आहे (पीएचपी वेब सर्व्हरपासून वेगळी चालते), तिथे एचटीअॅक्सेसमधलं पीएचपी-व्हॅल्यू चालत नाही. त्याच फोल्डरमध्ये डॉट-यूजर-डॉट-आयएनआय नावाची फाइल करा, त्यात मॅक्स-इनपुट-व्हार्स, बरोबरचं चिन्ह, 3000 एवढी एक ओळ. ती फाइल 300 सेकंद कॅश होते, तेव्हा लगेच फरक दिसला नाही तर घाबरू नका.

पोटमाळा:
होस्टिंगला सीपॅनेल (सेटिंग बदलायचं वेब पॅनेल) असेल तर मल्टीपीएचपी आयएनआय एडिटरमध्येच तो आकडा बदलता येतो, फाइलची भानगड नको. मी तर सबमिटच्या वेळी सगळे गुण जेसन (एकच सलग मजकूर) करून एकाच हिडन फील्डमध्ये पाठवतो. मग मुलं कितीही असोत, पीएचपीच्या हिशेबी फील्ड एकच. मात्र गुणांच्या मूळ रकान्यांना एचटीएमएलचं 'नेम' अॅट्रिब्यूट देऊ नका, नाहीतर तेही सोबत जातील.

अर्धविराम:
जेसन उत्तम, पण सोमवारच्या घाईत नको. आधी तो हिरवा संदेश आवरा. गुण आले नाहीत तर तुमचा कोड बहुधा रिकामं लिहून मोकळा होतो, म्हणजे आधी नोंदवलेले गुणही पुसले जात असतील. फॉर्मच्या अगदी शेवटी 'शेवट' नावाचं हिडन फील्ड ठेवा, व्हॅल्यू 1. ते पोचलं नाही तर काहीही जतन करू नका, लाल संदेश द्या.

खडूफळा:
यूजर-आयएनआयने काम झालं, साठही मुलं आली. 'शेवट' आत्ताच टाकतोय. आणि हो, 56व्याचे जुने गुण खरंच पुसले गेलेत, ते बॅकअपमधून काढावे लागतील.