टाइम_टी : ती वेळ की तो वेळ?

सी लँग्वेजच्या नोट्स मराठीत लिहितोय. टाइम_टी, म्हणजे वेळ साठवायचा डेटा टाइप, त्याला नुसतं 'वेळ' म्हटलं तर चालेल का? आणि ईपॉकला, म्हणजे जिथून वेळ मोजायला सुरुवात होते त्या क्षणाला, मित्र 'युग' म्हणतोय, मला ते एकदम कलियुग वाटतंय.

— चालेल की, पण लिंग सांभाळा. जेवायची वेळ झाली, ही ती वेळ, म्हणजे क्षण. जेवायला फार वेळ लागला, हा तो वेळ, म्हणजे अवधी. टाइम_टी म्हणजे ती वेळ. एका वेळेतून दुसरी वजा केली की मिळतो तो वेळ, आणि त्यासाठी डिफटाइम हे फंक्शन आहे, ते सेकंद डबलमध्ये, म्हणजे दशांश संख्येत देतं. लिनक्सवर सरळ वजाबाकी केली तरी निभावतं, पण सेकंदातच मोजा असं सी स्टँडर्ड म्हणतच नाही, ते पॉझिक्सचं, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या स्टँडर्डचं म्हणणं.

— युग नको, शकारंभ घ्या. नुसतं 1891 म्हटलं तर कोणता शक ते विचारावंच लागतं ना, तसंच इथं. युनिक्सचा 1 जानेवारी 1970, विंडोजच्या फाइलटाइमचा 1601, जुन्या मॅकचा 1904.

— पोर्टेबलला सुवाह्य?

— सुवाह्य म्हणजे जेवणाचा डबा हो! कोडला 'कुठंही चालणारा' म्हणा. माझा नव्हता चालला, ऐका. 32 बिटच्या एआरएम बोर्डवर टाइम_टी आणि त्यामागं तापमानाचा इंट (पूर्णांक) असा स्ट्रक्ट, म्हणजे एकत्र बांधलेला डेटा, थेट फाइलमध्ये लिहिला, आणि वाचला 64 बिटच्या पीसीवर. तिथं टाइम_टी 4 ऐवजी 8 बाइटचा, त्यानं शेजारचं तापमान पण गिळलं, बोर्डवर 29 डिग्री होतं तर मे 2021 ची नोंद थेट 5968 सालात! एक डिग्री वाढली की साल 136 नं पुढं. आणि तापमानाच्या जागी दुसऱ्या नोंदीची वेळ, 162 कोटी डिग्री. तेव्हापासून फाइलमध्ये इंट64_टी, म्हणजे सगळीकडं 8 बाइटचाच पूर्णांक, तोही बाइटचा क्रम ठरवून.

— प्रिंट करतानाही टाइम_टी ला लाँग, म्हणजे मोठा पूर्णांक, धरू नका, 64 बिट विंडोजवर लाँग 4 बाइटचाच असतो. लाँग लाँगमध्ये कास्ट करून (त्या टाइपमध्ये बदलून) प्रिंटएफमध्ये परसेंट एलएलडी वापरा.

— आणि साइन्ड (ऋण संख्याही घेणाऱ्या) 32 बिट टाइम_टीवाल्यांची घटका 19 जानेवारी 2038 ला भरते, आपल्याकडं सकाळी 8:44:07 ला, पुढच्या सेकंदाला थेट डिसेंबर 1901.

— म्हणजे तिथं 'वेळ आली' म्हणायचं, 'वेळ आला' नाही. कळलं, नोट्समध्ये टाइम_टी स्त्रीलिंगी करतोय.