ग्राफिक ड्रायव्हर बदलला आणि डेस्कटॉप सुरूच होत नाही, फॉरमॅट न करता काही होईल का?

फोंड्याचा_डीटीपीवाला
नमस्कार मंडळी, फोंड्यात छोटं डीटीपीचं दुकान आहे. मशीन विंडोज १०, वेगळं ग्राफिक कार्ड घातलेलं. भाच्याचा गेम अडकत होता म्हणून त्याने कुठलंतरी फुकटचं ड्रायव्हर अपडेटर टाकलं, त्याने एका दमात सगळे ड्रायव्हर (कार्ड, प्रिंटर असले भाग विंडोजकडून चालवून घेणारे प्रोग्राम) बदलले आणि रिस्टार्ट मारल्यापासून लोगो येतो, खाली ठिपके फिरतात आणि मग काळोख. कधीकधी निळा पडदा, त्यावर व्हिडिओ टीडीआर फेल्युअर. इथे तिस्कावर एका दुरुस्तीवाल्याला विचारलं तर त्याने मशीन न उघडताच सांगितलं फॉरमॅट. अहो पण त्यात पानं लावायचं पेजमेकर आहे, मराठी अक्षरांची श्रीलिपी आहे, तीही डोंगलवाली, म्हणजे यूएसबीत तिची किल्ली लावल्याशिवाय न चालणारी, तिची सीडी कुठल्या कपाटात गेली देव जाणे, आणि माघातल्या जत्रेच्या पत्रिका अर्ध्या करून ठेवल्यात, देवस्थानवाले रोज फोन करतायत. एफ८ दाबून बघितलं, ढिम्म हलत नाही.

म्हापसा_माउस
फॉरमॅट बिरमॅट काही करू नका. एफ८ विंडोज ८ पासूनच बंद झालंय, आता सेफ मोडला, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर उठतं तिथे, उलट्या वाटेने जायचं. लोगो दिसला की पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की ते स्वतःच ऑटोमॅटिक रिपेअरमध्ये जातं. तिथे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ट्रबलशूट, परत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, मग यादी येते त्यात ४ दाबा. चित्र मोठं आणि बेढब दिसेल, घाबरू नका, तिथे कार्डाचा ड्रायव्हर न घेता साध्या ड्रायव्हरवर चालतं म्हणून तसं. मग डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले ॲडॅप्टर, कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक ड्रायव्हर. ते बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा आणि अनइन्स्टॉल करा, तेव्हा ड्रायव्हर सॉफ्टवेअर डिलीट करायच्या चौकटीत टिक हवीच, नाहीतर पुढच्या बूटला तोच परत चिकटतो. आणि आधी लॅनची वायर काढून ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट हळूच ओढून आणेल.

बायणा_वास्को
थांबा जरा, ड्रायव्हरच आहे कशावरून? टीडीआरचा निळा पडदा म्हणजे कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही, एवढंच, ते कार्ड खराब असलं तरी येतं. आमच्याकडे समुद्रावरची खारी हवा, स्लॉटात बसणाऱ्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडतात, कार्ड काढून त्या खोडरबराने पुसल्या की निम्मी दुखणी जातात. ओळखायची सोपी रीत सांगतो, बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर जा आणि थोडा वेळ तसंच ठेवा, तिथेही रेषा किंवा रंगीत ठिपके आले तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही, कारण तिथे विंडोज अजून आलेलंच नसतं. बायोस स्वच्छ आणि सेफ मोडही नीट, तर मग माउसवाल्याचं बरोबर. प्रोसेसरला आतलं ग्राफिक असेल तर कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावूनही मशीन उठेल.

डिचोलीची_बाय
दादा, बाकी सगळं नंतर, पहिल्यांदा पत्रिका बाहेर काढा. पेनड्राइव्ह लावा, त्याच रिपेअर स्क्रीनवर कमांड प्रॉम्प्ट आहे, त्यात नोटपॅड टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन, खाली ऑल फाइल्स निवडा, आणि त्या ओपनच्या खिडकीतच तुम्हाला सगळे ड्राइव्ह दिसतात, फोल्डरवर राइट क्लिक कॉपी आणि पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. तिथे सी ड्राइव्ह डी म्हणूनही दिसू शकतो, आत युजर्स फोल्डर दिसलं की तोच तुमचा. हिरवी पट्टी वगैरे काही येत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते, तशीच राहू द्या, कॉपी चालू असते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, लावलेलं असेल तर ४८ अंकी की मागेल, ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये बघा.

आणि कुणी रिसेट धिस पीसी करा म्हणालं, फाइल्स राहतात म्हणून, तर ऐकू नका. फाइल्स राहतात खऱ्या पण बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात, म्हणजे तुमचं पेजमेकर आणि श्रीलिपी गेलीच. त्यापेक्षा त्याच यादीत सिस्टम रिस्टोर आहे. ते ड्रायव्हर, रजिस्ट्री, प्रोग्राम मागच्या तारखेला नेतं, तुमच्या कागदपत्रांना हात लावत नाही. रिस्टोर पॉइंट, म्हणजे त्या तारखेची जपून ठेवलेली नोंद, असला पाहिजे पण, विंडोज १० मध्ये पुष्कळ ठिकाणी ते बंदच असतं.

म्हापसा_माउस
बरोबर, एकापेक्षा जास्त ड्रायव्हर बदललेत तर रिस्टोरच बरं, एकेक रोल बॅक करत कुठे बसणार. फॉरमॅटवाल्यांना माझं एकच सांगणं, १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळ आणि बँका निळ्या पडद्यावर अडकल्या, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन, तेव्हाही मुख्य इलाज काय होता, तर सेफ मोडमध्ये जाऊन क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आलेली ती एक बिघडलेली फाइल उडवायची.

फोंड्याचा_डीटीपीवाला
झालं! आधी बायोस पाहिलं, स्वच्छ. मग नोटपॅडने पत्रिका काढल्या, भलतीच युक्ती आहे ती. सेफ मोडमध्ये रोल बॅक फिकटच होतं, पण सिस्टम रिस्टोरमध्ये पॉइंट सापडला, त्या अपडेटरनेच ड्रायव्हर टाकायच्या आधी बनवलेला, म्हणजे चोराने जाता जाता दाराची किल्ली उंबऱ्यावर ठेवली. बराच वेळ इनिशियलायझिंगवर थांबलं होतं, मध्ये लाइट गेली असती तर काय झालं असतं कोण जाणे, पण उठलं. पेजमेकर उघडतो, डोंगल लागतो, प्रिंटरही ओळखला. आता परत असं झालं तर पॉइंट असेलच याची खात्री कशी करायची?

डिचोलीची_बाय
स्टार्टमध्ये क्रिएट अ रिस्टोर पॉइंट शोधा, सी ड्राइव्हसमोर ऑन आहे का बघा, नसेल तर कॉन्फिगरमधून चालू करून डिस्कची थोडी जागा द्या. पण पॉइंट त्याच डिस्कवर राहतो, डिस्क गेली की तोही गेला. म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये बॅकअप अँड रिस्टोर, विंडोज ७ असं लिहिलेलं आहे, त्यातून बाहेरच्या हार्डडिस्कवर सिस्टम इमेज, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामसकट सगळ्याची जशीच्या तशी प्रत, काढून ठेवा, पेजमेकर, श्रीलिपी सगळं आहे तसं परत येतं. रिपेअर डिस्क किंवा विंडोजचा पेनड्राइव्हही बनवून ठेवा, इमेज परत टाकताना लागतो.

बायणा_वास्को
यूपीएस घ्या आधी, फोंड्यात लाइट कशी जाते माहीत आहे. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ते सवडीने बघा. ते अपडेटर काढून टाका आणि भाच्याला स्टँडर्ड युजर करून द्या, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. गेम खेळू दे हवा तेवढा.