लेहला हाफ पळायचीय, ४० हजारांत बसेल का? सल्ला हवा

मेघना_पळते: नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या लडाख मॅरेथॉनमध्ये २१ किमी पळायचं ठरवलंय. वय ४२, तीन हाफ झाल्यात, सगळ्या पुण्या-मुंबईकडच्या, बेस्ट २ तास ३१ मिनिटं. इतक्या उंचीवर आजवर साधी चाललेही नाहीये. बजेट सगळं मिळून ४० हजार, सुट्टी ६ दिवस. रेसच्या किती दिवस आधी पोचू, डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) घेऊ का आणि राहू कुठे, एवढंच विचारायचंय. बाबा सैन्यात होते, द्रासला पोस्टिंग असताना तिथून पत्रं लिहायचे, तेव्हापासून तिकडे जायचं मनात आहे, त्यामुळे प्लीज 'लेहच कशाला' असं विचारू नका.

राजे_रनर: मी तिथे फुल (४२ किमी) केलीय. ६ दिवसांत काही होत नाही, मी १२ दिवस आधी गेलो होतो आणि तरी ३२ किमीनंतर चालत होतो. सुरुवातीला लेहमधून सिंधू नदीकडे उतार आहे, सगळे तिथे सुसाट सुटतात, मीही सुटलो, आणि मग जेवढं उतरलो तेवढं परत चढायचं असतं ते शेवटी पाय गेल्यावर. ऑक्सिजन दाखवणारं घड्याळ घ्या, माझं ५२ हजारांचं आहे, पैसे वसूल.

मेघना_पळते: दादा, माझं बजेटच ४० आहे.

सह्याद्री_वारा: ताई, राग मानू नका, पण त्याच महिन्यात सातारा हिल हाफ असते, यवतेश्वरचा घाट, हिरवंगार सगळं. एवढ्या लांब कशाला?

डॉ_धावक: नेमका तोच प्रश्न विचारू नका म्हणाल्या होत्या त्या.
लेह ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही साधारण तेवढाच. तुम्ही कितीही फिट असा, विरळ हवेचा त्रास फिटनेस बघून होत नाही, उलट फिट माणूस पहिल्याच दिवशी पळायला जातो आणि आडवा होतो. पहिले २ दिवस नुसता आराम, तिसऱ्या दिवशी चालणं, मग हलकं जॉगिंग. डोकं दुखतंय, मळमळतंय तर अजून वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर लगेच हॉस्पिटल आणि खाली उतरणं, रेस विसरायची. डायमॉक्स साधारण १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून, पण स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ऍलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा.

नाशिक_२१: डायमॉक्सने बोटांना मुंग्या येतात आणि सारखं बाथरूमला जावं लागतं. मी नाही घेतली, काही झालं नाही.

पळा_पळा: शिवाय ती वाडाच्या (खेळातल्या डोपिंगविरोधी जागतिक संस्थेच्या) बंदी यादीत आहे!! लघवी वाढवणारी औषधं त्यात येतात. म्हणजे गोळी घेऊन पळणं चीटिंगच झालं ना?

नाशिक_२१: हौशी रनरची कोण टेस्ट करतंय.

पळा_पळा: टेस्ट होते की नाही हा मुद्दाच नाहीये, नियम तो नियम.

डॉ_धावक: यादीत आहे हे खरं. पण ती पहिल्या दिवसांसाठी घेतात, जुळवून घेतलं की बंद करता येते. जीव आधी.

कोल्हापुरी_गडी: माझं ऐका. आम्ही गेलो तेव्हा टूरवाल्यानं दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही खिंड दाखवायला नेलं, ५३०० मीटरच्या वर, म्हणला अर्ध्या तासात खाली येऊ. वाटेत गाडी अडकली, अडीच तास वरच. बायको उलट्या करून बेजार, मला रात्रभर झोप नाही, आणि रेसच्या दिवशी आम्ही दोघं हॉटेलात पडून! फी गेली, वर्षभराची मेहनत गेली. रेस होईस्तोवर कुठं फिरायचं नाही, पँगाँग नाही, नुब्रा नाही. आणि हो, आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेड न्या.

राजे_रनर: घड्याळ असतं तर त्यांना आधीच कळलं असतं.

वाटसरू: श्रीनगरहून रोडने जा की. कारगिल २७०० मीटरच्या आसपास, तिथे मुक्काम केला की शरीर हळूहळू तयार होतं.

राजे_रनर: अजिबात नको. वाटेत झोजी ला खिंडीत दरड आली की तासन्तास बसून राहायचं. विमानानेच.

नाशिक_२१: +१ विमान. दोन दिवस गाडीत बसून पाय आखडतात.

सकाळची_फेरी: मीही विमानच म्हणेन. राहायला लेहच्या चांगस्पा भागात होमस्टे बघा, आम्ही तिथे राहिलो, हॉटेलपेक्षा बरंच स्वस्त पडलं, सकाळी घरची खंबीर रोटी आणि जर्दाळूचा जॅम. रेसला पहाटे कडाक्याची थंडी आणि दोन तासांनी ऊन भाजतं, हातमोजे आणि सनस्क्रीन दोन्ही ठेवा. शूज केबिन बॅगेतच ठेवा. पोस्टपेड सिम घ्या, प्रीपेड चालत नाही.

मेघना_पळते: सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले, गोळी सोबत ठेवणार. चांगस्पात होमस्टे बघतेय, फिरणं पूर्ण बंद. ३ दिवस बिनपगारी रजा टाकली. पण विमानाने लेहला नाही जात. श्रीनगरपर्यंत विमान, मग शेअर गाडी, कारगिलला मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी लेह. रेसआधी लेहमध्ये ५ रात्री मिळतात. वरून उडून गेले तर द्रास दिसणारच नाही, आणि मला ते बघायचंय.

राजे_रनर: चूक करताय. झोजी लाला अडकलात की आठवेल.

वाटसरू: एक दिवस जास्तीचा हाताशी ठेवा म्हणजे अडकलात तरी निभेल. द्रासचं युद्धस्मारक हायवेलाच लागतं. पण शेअर गाडीवाले चहापुरतेच थांबतात, तेव्हा बसायच्या आधीच ठरवून घ्या की तिथे तासभर तरी थांबायचंय.