दख्खनच्या कातळावर आपण खरंच निर्धास्त आहोत?

सह्यकडा: पुण्या-मुंबईच्या लोकांनी भूकंपाचा बाऊ करणं थांबवावं. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, कोयनेत तर किलोमीटरभर जाडीचा. काळजी गंगेच्या गाळावर राहणाऱ्यांनी करावी.

नदीकाठची: हे वाचून गप्प बसवेना. खाली कातळ असेल हो, पण तुमची इमारत कातळावर आहे की त्यावर साचलेल्या गाळावर? २००१ च्या २६ जानेवारीला भूजचा भूकंप झाला, तेव्हा अहमदाबाद केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब होतं. तरी तिथल्या बहुमजली इमारती कोसळल्या, कारण शहर साबरमतीच्या गाळावर आहे. कातळातून वेगात आलेली लाट मऊ थरात मंदावते आणि मंदावली की तिचा हेलकावा वाढतो. शिवाय त्या थराला डोलण्याचा स्वतःचा ठेका असतो. १९८५ मध्ये मेक्सिको शहरात हेच झालं. केंद्र साडेतीनशे किलोमीटरवर, पॅसिफिकच्या किनाऱ्याला. पण जुन्या तळ्याच्या चिकणमातीत लाटेचा वेग सेकंदाला जेमतेम सत्तर-ऐंशी मीटर, आणि तो थर साधारण दोन सेकंदांना एक हेलकावा असा डोलला. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचा स्वतःचा डोलण्याचा ठेका त्याच्या जवळपासचा, म्हणून त्या त्यात सापडल्या. त्याच तळ्यावरची बुटकी जुनी घरं बरीचशी टिकली, आणि शहरातच कातळावर असलेल्या विद्यापीठात धक्का कितीतरी सौम्य होता. मुंबईतले भराव आणि खाडीकाठचा चिखल विसरून 'पाषाण' म्हणू नका.

औसेकर: मेक्सिको राहू द्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास. रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. किल्लारीखाली तीनशेहून जास्त मीटर बेसॉल्ट आहे, म्हणजे तुमचा तोच पाषाण. केंद्र पायाशी असलं की पाषाण काय वाचवणार? माझी आजी माळवदाखाली गेली. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर मातीचा ढीग. शेजारची कुडाची झोपडी तशीच उभी. गाळ गाळ करणाऱ्यांनी आधी भिंतींवर बोलावं.

साइटवरचा: औसेकरांशी सहमत. अहमदाबादेत त्याच गाळावर शेजारच्या कितीतरी इमारती उभ्या राहिल्या. पडलेल्यांपैकी अनेकींना तळमजल्यावर भिंती नव्हत्या, पार्किंगसाठी नुसते खांब. आज पुण्यात गल्लोगल्ली तेच आहे.

नदीकाठची: म्हणजे जमिनीचा काही संबंधच नाही?

साइटवरचा: आहे, पण ती तपासतो कोण? भूकंपाच्या २०१६ च्या मानकात जमिनीचे तीन प्रकार आहेत: कठीण, मध्यम, मऊ. प्रकार ठरवायला बोअर, म्हणजे मातीचे नमुने काढायला खोल भोकं, घ्यावे लागतात. मी ज्या कामावर होतो तिथे शेजारच्या प्लॉटचा माती तपासणी अहवाल नाव बदलून जोडला होता. एका कोपऱ्यात हातभर खाली मुरूम, दुसऱ्या कोपऱ्यात बुजवलेला ओढा. आणि सगळ्या खांबांना एकच हिशोब!

विटकर: झालं, आले बिल्डरवर. मी बांधकामातच आहे. प्रत्येक पायाला स्वतः उभा राहतो, बोअरचे पैसे पदरचे देतो. एका चोरावरून सगळ्यांना शिव्या घालू नका. पार्किंग गिऱ्हाईकच मागतं, भिंती घातल्या तर फ्लॅट विकत नाही.

साइटवरचा: मग खांब जाड करा, कातरभिंती, म्हणजे आडवा धक्का पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, घाला. गिऱ्हाइकावर काय ढकलता? माणसं मरतात त्यात.

विटकर: मला शिकवू नका. लोखंडाचा भाव माहीत आहे का तुम्हाला?

सह्यकडा: पार्किंगचं भांडण दुसरीकडे न्या. कातळावरचं शहर आणि भरावावरचं शहर एक नाही, एवढं मान्य. पण सरसकट घाबरवणं मला अजून पटत नाही.

नदीकाठची: एवढं मान्य व्हायला इतकं लिहावं लागलं. घाबरू नका, सोसायटीच्या फाइलमधला बोअरचा तक्ता मागा. कातळ किती मीटरवर लागला ते त्यात लिहिलेलं असतं.

औसेकर: तुमच्याकडे फाइल तरी आहे. आमच्या आळीत पुनर्वसनाच्या घरांना लागून लोकांनी परत दगड-मातीच्या खोल्या चढवल्यात. त्यांचा तक्ता कोणाकडे मागू?